स्पोर्ट्स कार ऑटोमॅटिक घेतली आणि आता रोज पस्तावतोय, काय करू?

पसरणीकर

नमस्कार मंडळी. लिहू का नको करत महिना घालवला, पण घरात या विषयावर आता कोणी ऐकून घेत नाही म्हणून शेवटी इथे लिहितोय.

मी मूळचा वाईचा, सध्या फ्रीमाँट, कॅलिफोर्निया. २०२३ च्या मार्चमध्ये टोयोटा जीआर८६ घेतली, ऑटोमॅटिक. आधीच सांगतो, गाडीबद्दल माझी एका अक्षराची तक्रार नाही. दोन वर्षं झाली, १९ हजार मैल झाले, स्टिअरिंग एवढं बोलकं आहे की रस्त्यावरचा खडा सुद्धा हाताला कळतो. चूक गाडीची नाही, निवड माझी चुकली.

तेव्हा ऑटोमॅटिक का घेतली? कारणं सगळी शहाणपणाची होती. ऑफिसला जायला ८८० हायवे, १८ मैल जायला संध्याकाळी तासभर लागतो, तिथं क्लच कोण दाबत बसणार. बायको गाडी अमेरिकेत येऊन शिकली ती ऑटोमॅटिकवरच. त्या वर्षीच्या मॉडेलला समोरच्या गाडीवर नजर ठेवून आपोआप ब्रेक मारणारी आयसाइट सिस्टिम फक्त ऑटोमॅटिकला होती (पुढच्याच वर्षी, २०२४ ला, मॅन्युअललाही आली, ते वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही). डीलरकडे मॅन्युअलला तीन महिने वेटिंग होतं आणि ऑटोमॅटिक समोर उभी होती. आणि खरं कारण, जे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, ते म्हणजे मला भीती वाटत होती. भारतात दहा वर्षं डाव्या हाताने गिअर टाकलेत, इकडे उजव्या हाताने टाकायचे, नवीकोरी गाडी सिग्नलला बंद पाडली तर मागचे हॉर्न वाजवतील, या विचाराने मी मॅन्युअलची टेस्ट ड्राइव्हसुद्धा घेतली नाही.

आता झालं काय ते सांगतो. गेल्या सप्टेंबरात ऑफिसातल्या एका मित्राबरोबर माउंट हॅमिल्टनला गेलो. बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) लोकांना माहीत असेल, सॅन होजेमधून वर लिक वेधशाळेपर्यंत जाणारा रस्ता, १८७६ साली बांधलेला. दुर्बिणीचं सामान घोडागाड्यांनी वर न्यायचं होतं म्हणून चढ मुद्दाम सौम्य ठेवलाय आणि चढ सौम्य ठेवायचा म्हणजे वळणं वाढणार, वर्षाला जेवढे दिवस तेवढी वळणं आहेत असं लोक म्हणतात. मित्राकडे १९९० ची माझदा मियाटा आहे, १.६ लिटर, ११६ हॉर्सपॉवर. माझी २२८. म्हणजे जवळपास दुप्पट. तो पुढे, मी मागे. सरळ रस्ता आला की मी त्याला गाठायचो आणि वळण आलं की तो मजा करायचा आणि मी नुसता वळायचो. त्याचं इंजिन वळणाआधी वर ओरडायचं, मग वळणातून गाडी ताणून बाहेर काढायचा. माझी गाडी वळणातून बाहेर पडताना विचार करायची, मग गिअर पाडायची, आणि तोवर पुढचं वळण आलेलं असायचं.

वर वेधशाळेच्या पार्किंगमध्ये त्याने किल्ली माझ्या हातात दिली, म्हणाला तू उतरव. पहिली दहा मिनिटं हात चाचपडला. भारतात पहिला गिअर टाकताना दांडा आपल्यापासून लांब ढकलायचा, इथे स्वतःकडे ओढून पुढे, एवढाच काय तो फरक, पायातलं सगळं तेच. त्यानंतर मी काय चालवलं मला सांगता येणार नाही. दुसरा, तिसरा, परत दुसरा. खाली पोचलो तेव्हा तळहाताला घाम आणि मी एकटाच हसत होतो.

लहानपणी बाबांची पद्मिनी होती, गिअर स्टिअरिंगपाशी असायचा. पसरणी घाट चढताना ते नेहमी म्हणायचे, ज्या गिअरमध्ये चढवली त्याच गिअरमध्ये उतरवायची, ब्रेकवर गाडी सोडायची नाही. बाबा गेल्या उन्हाळ्यात इकडे आले होते. त्यांना माझ्या जीआर८६ मध्ये बसवून नाइल्स कॅन्यनला नेलं तर माझ्या शेजारी बसून प्रत्येक वळणाआधी त्यांचा डावा पाय खालची मॅट दाबत होता. त्यांच्या लक्षातही नव्हतं. आणि मग बघतो तर माझाही.

तर प्रश्न: (अ) ही विकून मॅन्युअल घ्यावी का, किती पैसे बुडतील? (ब) याच गाडीत मॅन्युअल गिअरबॉक्स बसवता येतो असं ऐकलंय, कोणी केलंय का? (क) की गप्प बसून हीच चालवावी, कालांतराने हा पस्तावा जातो का? लोन अजून चालू आहे. कृपया मनापासून सांगा.

---

तिसरा_गिअर (ऑस्टिन)

भाऊ, तुमचं वाचून मला माझं २०२१ साल आठवलं. मी याच रस्त्याने गेलोय, ऑटोमॅटिक देऊन मॅन्युअल घेतली, म्हणून (अ) चं उत्तर देतो. पैशाचं बघू, मनाचं दुसरे सांगतील.

सगळ्यात आधी टॅक्स. मी टेक्सासमध्ये आहे, इथे जुनी गाडी डीलरला दिली की तिची किंमत नव्या गाडीच्या किमतीतून वजा होते आणि उरलेल्या रकमेवरच सव्वासहा टक्के टॅक्स. न्यू जर्सीतही तसंच. पण कॅलिफोर्नियात तसं नाही!! तिथे जुनी गाडी दिली तरी टॅक्स नव्या गाडीच्या पूर्ण किमतीवर. तुमच्याकडे दर दहा टक्क्यांच्या आसपास असेल, म्हणजे ३४ हजारांची गाडी धरली तर ३,४०० डॉलर नुसते टॅक्सचे, आणि हे तुम्ही दोन वर्षांपूर्वी एकदा भरलेतच.

याची दुसरी बाजू अशी की कॅलिफोर्नियात डीलरला गाडी देण्यात टॅक्सचा काहीच फायदा नाही, त्यामुळे स्वतः जाहिरात देऊन विका, डीलरपेक्षा किंमत बरी येते. माझ्याकडे इथे उलटं होतं, टॅक्स वाचतो म्हणून डीलरला कमी किमतीत दिली. पण लोन चालू असताना स्वतः विकायची तर टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) बँकेकडे असतं, घेणारा त्यामुळे घाबरतो, तेव्हा बँकेच्या शाखेत जाऊन तिथेच व्यवहार करायचा आणि त्याआधी बँकेकडून लोनचा नेमका उरलेला आकडा लेखी मागवायचा.

आणि दुसरं म्हणजे नवीन घेऊ नका. तुम्हाला तीच गाडी हवीये, फक्त तीन पेडलवाली. दोन-तीन वर्षं जुनी मॅन्युअल बघा, पहिल्या वर्षाची घसरण दुसऱ्या कोणीतरी सोसलेली असते. नवीनच घ्यायची असेल तर या गाडीत मॅन्युअल ऑटोमॅटिकपेक्षा दीडेक हजार डॉलरने स्वस्त असते, तेवढाच दिलासा.

मला स्वतःला सगळं मिळून सहा हजारांच्या वर फटका बसला. चार वर्षं झाली, एकदाही वाईट वाटलं नाही. पण तेव्हा माझ्यावर घराचं लोन नव्हतं, हेही सांगतो.

---

ग्रीसचे_हात (चाकण)

(ब) चं उत्तर: करू नका.

मी गिअरबॉक्सच्या क्षेत्रातच कामाला आहे, कंपनी वेगळी, पण यंत्र शेवटी यंत्र असतं. लोकांना वाटतं गिअरबॉक्स काढला, दुसरा बसवला, झालं. तसं नसतं. गिअरबॉक्स, क्लच, प्रेशर प्लेट, फ्लायव्हील, क्लचचा मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर, पाइप, तिन्ही पेडलची अख्खी असेंब्ली, मधला कन्सोल, प्रॉपेलर शाफ्ट जुळतो का ते, मागचा डिफरेन्शियल, आणि मग खरं दुखणं म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स. इंजिनच्या कॉम्प्युटरला वाटत राहणार की ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हरवलाय, ट्रॅक्शन कंट्रोलपासून मीटरपर्यंत सगळं एकमेकांशी बोलत असतं. अपघातात गेलेली मॅन्युअल गाडी अख्खी विकत घेऊन तिचं सगळं काढून बसवणारे लोक आहेत, पण ते स्वतःच्या गॅरेजमध्ये सहा-सहा महिने काम करतात. तुम्ही मजुरी देऊन करून घेणार असाल तर त्या पैशात गाडी बदलून होईल, आणि विकताना लोक अशा गाडीकडे संशयाने बघतात ते वेगळंच.

आता तुम्ही लिहिलंय की गाडी वळणातून बाहेर पडताना विचार करते. तो तुमचा भास नाही, त्यामागे आकडे आहेत आणि ते बघितले की तुमच्या मनाचं समाधान होईल म्हणून लिहितो. तुमच्या गाडीत मॅन्युअलचे रेशो (इंजिनच्या किती फेऱ्यांना गिअरबॉक्समधून एक फेरा बाहेर येतो ते; आकडा मोठा तेवढी ओढ जास्त) ३.६२६, २.१८८, १.५४१, १.२१३, १.०००, ०.७६७ आणि मागे डिफरेन्शियल, म्हणजे मागच्या चाकांपाशी असलेला शेवटचा गिअर, ४.१. ऑटोमॅटिकचे ३.५३८, २.०६०, १.४०४, १.०००, ०.७१३, ०.५८२ आणि मागे ३.९. दोघांनाही गिअर सहाच, पण ऑटोमॅटिकचे वरचे दोन गिअर हायवेला ॲव्हरेज मिळावं म्हणून लांब केलेत. म्हणजे घाटात तुमच्याकडे कामाचे गिअर चारच उरतात.

उदाहरण घ्या. ७,००० आरपीएमला तिसऱ्यातून चौथा टाकला तर मॅन्युअलमध्ये इंजिन ५,५०० वर येतं. ऑटोमॅटिकमध्ये ५,००० वर. पाचशेचा फरक, आणि ते इंजिन टर्बो नसलेलं आहे, त्याला वरच ठेवावं लागतं. त्यात दुसरा गिअर. दुसऱ्याचा रेशो गुणिले डिफरेन्शियल केलं तर मॅन्युअल जवळपास ९, ऑटोमॅटिक ८. म्हणजे घाटातल्या आखूड वळणातून निघताना ज्या गिअरची गरज, नेमक्या त्याच गिअरमध्ये चाकावर येणारी ओढ दहा टक्क्यांनी कमी. टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो, तेलातून ओढ पोचवणारा) गाडी हलताना ते थोडंफार भरून काढतो, पण त्याचा लॉक-अप लागला, म्हणजे तो इंजिनला घट्ट जोडला गेला, की तो संपला. कंपनी स्वतःच ० पासून ताशी ६० मैल वेग गाठायला मॅन्युअलचे ६.१ आणि ऑटोमॅटिकचे ६.६ सेकंद सांगते. आजकाल बहुतेक स्पोर्ट्स कारमध्ये उलटं असतं, ऑटोमॅटिक जलद असते. तुमची त्या मोजक्या गाड्यांपैकी आहे जिथे मॅन्युअल प्रत्यक्षातही जलद आहे.

बाबांचा पाय मॅट दाबत होता ते वाचून डोळ्यात पाणी आलं.

---

पसरणीकर

@ग्रीसचे_हात, दादा हे रेशो मी कधी शेजारी शेजारी ठेवून बघितलेच नव्हते. मला दोन वर्षं वाटत होतं मला चालवता येत नाही. खूप आभार. (ब) बाद.

@तिसरा_गिअर, टॅक्सचं हे मला खरंच माहीत नव्हतं. बँकेला आज मेल टाकतो.

---

न्यूजर्सीचे_काका

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका.

माझं वय ६१. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन २०१८ ला झालं. त्याआधी तीस वर्षं मॅन्युअलच चालवली, भारतात, मग इकडे. डॉक्टरांनी सांगितलं क्लच बंद. मी दीड वर्ष गाडी चालवण्यातलं मनच काढून घेतलं होतं, कामापुरती चालवायची. मग एक छोटी उघड्या टपाची ऑटोमॅटिक घेतली आणि शनिवारी सकाळी सहाला डेलावेअर नदीच्या काठाने निघायला लागलो. तेव्हा ज्या ऑटोमॅटिकवर तुम्ही पस्तावताय ती माझ्यासारख्याला परत रस्त्यावर आणते एवढं ध्यानात असू द्या.

विकायच्या आधी एक करा. तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय तुम्ही गाडी डी मध्ये ठेवून घाट चढता. तसं करू नका. दांडा एम (हाताने गिअर बदलायच्या) मध्ये घ्या आणि स्पोर्ट मोड लावा, तो तुमच्या गाडीत ऑटोमॅटिकलाच असतो, मॅन्युअलला नसतो. मग वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना, ब्रेकवर पाय असतानाच स्टिअरिंगमागचं डावं पॅडल बोटाने दाबून गिअर पाडा. वळणात शिरल्यावर नाही. गिअरबॉक्सला हुकूम द्यायचा तो अर्धा सेकंद आधी द्यायचा, कारण त्याला वेळ लागतो हे आपल्याला माहीत आहे. इंजिनचा वेग जास्त असेल तर तो गिअर पाडायचं नाकारतो, म्हणून आधी ब्रेक, मग पॅडल. हे अंगवळणी पडायला मला दोन महिने लागले. मॅन्युअलची मजा येते असं मी म्हणणार नाही, येत नाही. पण पुढचं वळण आधी वाचायचं, कोणता गिअर लागेल ते ठरवायचं, ही जी निम्मी मजा आहे ती परत मिळते.

महिनाभर करून बघा. मग विका हवं तर.

---

धुकं_आणि_चहा (स्लाव, इंग्लंड)

मी यूकेमध्ये, माझी गोष्ट थोडी वेगळी पण पस्तावा सेम टू सेम.

इथे ड्रायव्हिंग टेस्ट ऑटोमॅटिकवर दिली तर लायसन्सवर ७८ कोड येतो, म्हणजे कायद्याने तुम्ही फक्त ऑटोमॅटिकच चालवू शकता. पुण्यात स्कूटरशिवाय काही चालवलं नव्हतं, लवकर पास व्हायचं होतं, इन्स्ट्रक्टर म्हणाली ऑटोमॅटिक सोपं, मी हो म्हणाले. मग दोन वर्षांनी एमएक्स-५ (अमेरिकेत जिला मियाटा म्हणतात तीच) घ्यायचं ठरवलं तेव्हा कळलं की सेकंड हँड बाजारात निवडीला भरपूर मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक शोधून शोधून मिळणार, आणि ज्या मिळतात त्या मला हव्या त्या रंगात, हव्या त्या बजेटमध्ये नाहीत. मिळाली ती घेतली. आठ महिने चालवली. छान होती, पण प्रत्येक वेळी दुसऱ्या कोणाची मॅन्युअल बघितली की घशात आवंढा यायचा, कारण माझ्या बाबतीत नुसती निवड नव्हती, दारच बंद होतं.

शेवटी परत टेस्ट दिली. ऑटोमॅटिकचं पूर्ण लायसन्स असलं की ते मॅन्युअलसाठी शिकाऊ लायसन्ससारखं चालतं, गाडीला एल लावून आणि शेजारी जाणकार बसवून शिकता येतं. बारा क्लास लावले, नवरा शेजारी बसायला घाबरायचा म्हणून मैत्रीण बसायची. चढावर थांबून गाडी मागे न जाऊ देता उचलणं जमलं त्या दिवशी मी गाडी बाजूला लावून आईला पुण्याला फोन केला होता.

पसरणीकर, तुमच्याकडे लायसन्सची अडचण नाही, कॅलिफोर्नियाचं लायसन्स दोन्हीला चालतं. तुम्हाला गाडी येते, बाबांनी शिकवलीये. उजव्या हाताची भीती तुमची एका दुपारीत गेली असं तुम्हीच लिहिलंय. मग अजून थांबलाय कशासाठी?

आणि हो, काका, तुमचं पॅडलचं वाचून मलाही परत ऑटोमॅटिककडे आदराने बघावंसं वाटलं, खरंच.

---

जुन्या_गाड्यांचा_नाद

तुम्ही एकटे नाही हो, हा पस्तावा फार मोठमोठ्या लोकांना झालाय, कंपन्यांनासुद्धा.

२०१३ ला पोर्शेने ९११ जीटी३ आणली ती फक्त पीडीके, म्हणजे ड्युअल क्लच, दोन क्लचचा आपोआप चालणारा गिअरबॉक्स. ट्रॅकवर जलद आहे म्हणून. आणि होतीच जलद. पण जीटी३ घेणाऱ्या लोकांनी एवढी ओरड केली की २०१६ ला ९११ आर काढली, फक्त मॅन्युअल, फक्त ९९१ गाड्या, आणि बाजारात तिच्या किमती वेड्यासारख्या वर गेल्या. पुढच्या वर्षी, २०१७ ला, जीटी३ ला मॅन्युअल परत आलं, तेही जास्तीचे पैसे न घेता.

तुमच्याच टोयोटाची सुप्रा बघा. २०१९ ला परत आली ती फक्त आठ गिअरच्या ऑटोमॅटिकवर. लोक तीन वर्षं मागत राहिले, मग २०२३ च्या मॉडेलला तीन लिटरच्या इंजिनबरोबर सहा गिअरचं मॅन्युअल आलं. ज्यांनी २०२० ला घेतली त्यांचं काय झालं असेल विचार करा. त्यांच्याकडे तर निवडच नव्हती. आणि गंमत म्हणजे त्या सुप्रात ऑटोमॅटिक जलद आहे, ३.९ सेकंद विरुद्ध ४.२, तरी लोकांना मॅन्युअल हवंय. म्हणजे हा प्रश्न सेकंदांचा कधीच नव्हता.

आणखी मागे गेलं तर बीएमडब्ल्यूची ई४६ एम३. २००० च्या दशकात तिला एसएमजी मिळायचा, म्हणजे गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, पण क्लच दाबायचं काम हायड्रॉलिक पंप करायचा. तेव्हा तो भविष्यकाळ वाटायचा, लोकांनी जास्तीचे पैसे मोजून घेतला. आज त्याच गाड्यांमध्ये मॅन्युअलला भाव जास्त, आणि लोक एसएमजी काढून तिथे क्लच पेडल बसवून घेतात. त्या गाडीत ते तुलनेने सोपं आहे कारण आतला गिअरबॉक्स मुळात तोच. ग्रीसचे हात म्हणतात ते तुमच्या गाडीबद्दल बरोबर आहे, तुमचा टॉर्क कन्व्हर्टरवाला पूर्ण वेगळा.

माझं मत विचाराल तर विका. ८६ हे नावच एई८६ वरून आलंय, १९८३ ची कोरोला, हलकी, मागच्या चाकांवर चालणारी, चालवणाऱ्याने चालवायची गाडी. अमेरिकन स्पोर्ट्स कार कॉर्व्हेटसुद्धा २०२० पासून फक्त ड्युअल क्लच झाली. मॅन्युअल मिळणाऱ्या नव्या गाड्या बोटावर मोजण्याएवढ्या राहिल्यात, आज बाजारात पर्याय आहे तोवर घ्या.

---

ग्रीसचे_हात

@जुन्या_गाड्यांचा_नाद, एक सांगतो, एसएमजीवरून मॅन्युअल करणं सोपं म्हटलं तरी त्यातही कॉम्प्युटरचं कोडिंग करावंच लागतं. नाहीतर वाचणारा कोणीतरी उद्या घ्यायला जाईल. बाकी सगळ्याला सहमत.

---

कात्रज_बोगदा

पुण्यातून लिहितोय. उलट बाजूही ऐका.

मी एक जर्मन सेडान घेतली, दीड लिटर टर्बो, मॅन्युअल. हट्टाने. रोज कात्रज ते हिंजवडी. सकाळी दीड तास, संध्याकाळी पावणेदोन. वाकडच्या पुलाखाली हाफ क्लचवर गाडी सरकवत नेताना पोटरी दगड होते. रविवारी ताम्हिणीला गेलो की वाटतं जगात याहून चांगला निर्णय कोणी घेतला नसेल, सोमवारी सकाळी चांदणी चौकात वाटतं विकून टाकावी. तेव्हा ८८० चा ट्रॅफिक हलक्यात घेऊ नका. एखादी मॅन्युअल दोन दिवस भाड्याने घ्या आणि रविवारच्या घाटात नाही, सोमवारी संध्याकाळी पाच वाजता ऑफिसच्या रस्त्याला चालवा. खरं उत्तर तिथे मिळेल.

---

तिसरा_गिअर

+१. मी हे केलं नव्हतं, करायला हवं होतं.

---

पसरणीकर

मंडळी, पाच आठवडे झाले, सगळ्यांचं ऐकून एकेक करत गेलो, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी काकांचं. रोज एम आणि स्पोर्ट, ब्रेकवर असताना डावं पॅडल. काका, तुम्ही म्हणालात तसंच झालं. कॅलाव्हेरस रोडला तलावाच्या वरच्या वळणांवर गाडी पहिल्यांदा मला हव्या त्या गिअरमध्ये वळणात शिरली. दोन वर्षं मी हिला अर्धवटच वापरत होतो. पण आखूड वळणात दुसऱ्यातून निघताना ओढ कमी पडते ती पडतेच, आता मला तिचा आकडाही माहीत आहे.

मग कात्रज बोगदा यांचं. ॲपवरून एका माणसाची मॅन्युअल ८६ तीन दिवस भाड्याने घेतली, शनिवार ते सोमवार. रविवारी लिव्हरमोरहून माइन्स रोडने आत, वाटेतल्या जंक्शन नावाच्या हॉटेलात चहा नव्हता म्हणून कॉफी, आणि तिथून मागच्या बाजूने माउंट हॅमिल्टन चढून सॅन होजेला उतरलो. बाबांच्या नियमाने, चढलो त्याच गिअरमध्ये. ब्रेकचा वास आला नाही. रिव्हर्स टाकताना दांड्याखालची कडी वर ओढावी लागते ते विसरून पार्किंगमध्ये दोनदा पहिल्यातच गेलो, तेवढंच.

सोमवारी संध्याकाळी पाच दहाला ऑफिसमधून निघालो. ८८० नेहमीसारखा. एक तास सात मिनिटं. एकदा गाडी बंद पडली, ऑक्लंडकडून येणारा ट्रक मागे होता, तो थांबला, मी सुरू केली, निघालो. एवढ्याला मी दोन वर्षं घाबरलो होतो. घरी आलो तेव्हा डावी पोटरी भरून आली होती हे खरं आहे, खोटं सांगणार नाही. जिना चढताना जाणवत होती. पण आठवड्यातून तीन दिवस घरूनच काम असतं, म्हणजे असे दिवस दोनच. दोन दिवस सोसता येईल.

बायकोशी बोललो, नीट बसून. ती म्हणाली तिने ८६ दोन वर्षांत चार वेळा चालवलीये, तिची स्वतःची एसयूव्ही असताना तिच्यासाठी म्हणून ऑटोमॅटिक घेतली हे तिने कधी मागितलंच नव्हतं. बरोबर आहे. मी तिचं नाव पुढे करत होतो.

बँकेचा आकडा आला. आत्ता विकली तर लोन फिटून हातात जे उरेल त्यात वापरलेली मॅन्युअल, तिचा टॅक्स आणि रजिस्ट्रेशन धरून साधारण ५,८०० डॉलर खिशातून घालावे लागतात. ऑक्टोबरमध्ये बोनस आहे. तोपर्यंत हीच, पॅडलवर, आणि ऑक्टोबरमध्ये स्वतः जाहिरात देऊन विकणार. ऑइल बदललं, मागचे टायर नवीन टाकलेत, घेणाऱ्याला रेकॉर्ड सगळं देईन. विकायला लिहिताना हेही लिहीन की ट्रॅफिकमधून रोज जाणाऱ्याला किंवा क्लच जमत नसलेल्या माणसाला याहून चांगली स्पोर्ट्स कार मिळणार नाही, कारण काकांमुळे आता मला ते पटलंय.

बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ते म्हणाले डिसेंबरात येतोय, तोपर्यंत घेऊन ठेव, आणि क्लचवर पाय ठेवून चालवू नकोस, प्लेट जाते.

तर आता बे एरियातल्या किंवा सॅक्रामेंटोपर्यंतच्या लोकांना विनंती: २०२४ किंवा त्यानंतरची जीआर८६ मॅन्युअल, १५ हजार मैलांच्या आत, एकाच मालकाची, ट्रॅकवर न नेलेली, कोणी विकत असेल तर व्यक्तिगत निरोप टाका. रंग कोणताही चालेल. क्लच बदललेला असेल तर का बदलला तेवढं विचारून ठेवा.